माकडतापाचा सर्व्हे, दोडामार्ग-बांदा-सत्तरी पट्टा: गावात उत्तम, बॉर्डरवर अडखळतो

पाचपैकी साडेतीन स्टार देतेय, आणि त्यातले निम्मे तरी आशाताईंचे आहेत हे आधीच सांगते.

लोक होमस्टेचे, खानावळींचे रिव्ह्यू लिहितात, मी आमच्याकडच्या माकडतापाच्या सर्व्हेचा लिहितेय. ही पण सेवाच आहे, आम्ही ती दर काजू सीझनला वापरतो आणि वापरणाऱ्या माणसाने तिच्याबद्दल लिहिलेलं मला कुठे दिसलं नाही. सेवा म्हणजे काय तर डिसेंबर ते मे घरोघरी येऊन ताप विचारायचा, रक्ताचं सॅम्पल घ्यायचं, मेलेल्या माकडाची खबर घ्यायची, रानातले गोचीड गोळा करून तपासायला पाठवायचे आणि या सगळ्यावरून कुठला भाग धोक्याचा ते ठरवायचं. माझं सासर महाराष्ट्रात दोडामार्ग तालुक्यात, माहेर गोव्यात सत्तरीला, नणंद कर्नाटकात खानापूरकडे दिलीय, म्हणजे तिन्ही राज्यं घरातच आहेत. सासरी-माहेरी दोन्हीकडे काजू आहे, त्यामुळे महाराष्ट्राची आणि गोव्याची सेवा मला अगदी जवळून बघायला मिळते, आणि कोणाची कुठे कमी पडते तेही कळतं.

ज्यांना आजारच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. माकडताप म्हणजे क्यासानूर फॉरेस्ट डिसीज, डॉक्टर लोक केएफडी म्हणतात. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यात सोरब तालुक्यातल्या क्यासानूर जंगलात माकडं मरायला लागली, आजूबाजूच्या गावांत माणसं तापाने फणफणली आणि पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने, म्हणजे आताच्या एनआयव्हीने, विषाणू शोधून काढला. गोचीड चावून होतो, माणसाकडून माणसाला होत नाही. चावल्यावर ३ ते ८ दिवसांत अचानक कडक ताप, कपाळ फुटेल असं डोकं, अंगदुखी, काहींना उलट्या-जुलाब, काहींना हिरड्यातून नाकातून रक्त. बरेच जण पंधरवड्यात बरे होतात पण १० ते २० टक्के लोकांना मधे ताप उतरून पुन्हा दुसरा झटका येतो आणि तेव्हा मेंदूवर परिणाम होतो, मान ताठ होते, हातापायाला कंप सुटतो, माणूस काहीबाही बडबडतो. मृत्यूचं प्रमाण साधारण ३ ते ५ टक्के धरतात. विषाणूवर खास औषध नाही, सलाइन आणि नीट देखरेख हाच उपचार, म्हणून लवकर कळणं हेच सगळ्यात मोठं काम आहे.

कित्येक वर्षं हा शिमोगा आणि त्याच्या शेजारच्या जिल्ह्यांचा आजार समजला जायचा. मग २०१२ ला बांदीपूरच्या जंगलात सापडला, त्यानंतर केरळात वायनाडला, २०१५ ला माझ्या माहेरच्या तालुक्यात पाली गावात, २०१६ च्या जानेवारीत आमच्या दोडामार्गात, आणि पुढच्या वर्षी बांद्याच्या बाजूला. हा क्रम नीट बघा. सत्तरी आणि दोडामार्ग यांच्यामधे समुद्र नाही की वाळवंट नाही, कर्नाटकातलं भीमगड, गोव्यातलं म्हादई आणि आमची तिलारी हे एकच सलग रान आहे, २००२ च्या सुमाराला कर्नाटकातले हत्ती तिलारीत उतरले ते याच रानातून. २०१५ ला माहेरी सगळे धास्तावलेले होते, आई फोनवर रोज पातेऱ्यात, म्हणजे रानातल्या वाळक्या पाचोळ्यात, जाऊ नकोस म्हणून सांगायची, आणि इकडे सासरी माकडताप हा शब्दसुद्धा कोणी ऐकलेला नव्हता. शेजारच्या तालुक्यात रुग्ण सापडले म्हटल्यावर आमच्याकडे त्याच वर्षी तयारी सुरू व्हायला हवी होती असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. माझा या सेवेबद्दलचा सगळा मुद्दा इथेच आहे, पण आधी चांगलं काय ते सांगते कारण चांगलं खरंच पुष्कळ आहे.

आशाताई. आमच्या वाडीवर येणारी बाई उन्हातान्हात चढ चढून येते, दारातूनच हाक मारते, “ताप इलो काय कोणाक?” आणि नाही म्हटलं तरी तिथून हलत नाही. बसते, पाणी पिते, मग पुढचा प्रश्न, “गेल्या आठवड्यात रानात खंय खंय गेल्लात ता सांगा.” या दुसऱ्या प्रश्नाला मी पाचपैकी पाच देईन. ताप आहे का हे कोणीही विचारेल, पण कुठे गेला होता हे विचारलं की रोगाची जागा सापडते. आमच्याकडे जानेवारी ते मार्च हा सगळा रानातच जातो. काजूच्या बोंडूखाली वाकून बी वेचायची, भाजावळीसाठी कवळ तोडायची, गोठ्यात घालायला पातेरा गोळा करून डोक्यावरून आणायचा, लाकूडफाटा, गुरं चारायला नेणं. आणि नेमका हाच काळ गोचिडीच्या पिल्लांचा, निम्फ म्हणतात त्यांना, नोव्हेंबर-डिसेंबरला यायला लागतात ते मे पर्यंत. डोळ्याला धड दिसतही नाही एवढं बारीक असतं ते, मोठ्या गोचिडीसारखं हाताला लागत नाही, चावलेलं कित्येकांना कळतच नाही. गोव्यात काजूच्या बागांत काम करणाऱ्यांना माकडताप झाल्यावर त्यावर स्वतंत्र अभ्यासही छापून आलाय, २०१७ साली. म्हणजे हा आमच्या पोटापाण्याच्या कामातूनच येणारा आजार आहे. कोणाला रानात जाऊ नका म्हणून सांगून काय उपयोग, बी वेचायची नाही तर वर्षभर खायचं काय?

सॅम्पलचं काम पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारलंय. सुरुवातीच्या वर्षांत रक्त घेतलं की ते थंड पेटीतून पुण्याला जाणार, रिपोर्ट येईपर्यंत माणूस एकतर बरा झालेला किंवा बांबोळीला, गोव्याच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात, नेलेला. हे पुण्यावर टीका म्हणून लिहीत नाही, हा विषाणू हाताळायला कडक सुरक्षेची लॅब लागते आणि तशा लॅबा गल्लोगल्ली नसतात. नंतर एनआयव्हीने छोट्या मशीनवर, ट्रूनॅटवर, चालेल अशी टेस्ट उभी केली आणि ते मशीन बनवणारी कंपनी आमच्या शेजारची गोव्यातलीच, हे कळल्यावर मला फार आनंद झाला होता. वापरणाऱ्याने एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी ती अशी की तापाच्या पहिल्या आठवड्यात पीसीआर प्रकारची टेस्ट उपयोगाची, त्यात विषाणू थेट पकडला जातो, आणि साधारण पाचव्या दिवसापासून पुढे अँटिबॉडीची आयजीएम टेस्ट. म्हणून ताप कधी सुरू झाला ती तारीख बरोबर सांगा. “झाले चार-पाच दिवस” असं मोघम सांगितलं तर चुकीची टेस्ट होऊन रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो आणि मग सगळे निर्धास्त होतात.

मेलेल्या माकडाची खबर देण्याची सेवा, यालाही चांगले मार्क. काळ्या तोंडाचे वानर आणि लाल तोंडाची केल्डी दोन्ही या तापाने मरतात. माकड मेलं की त्याच्या अंगावरचे गोचीड खाली उतरतात आणि त्या जागेच्या आसपासचा पाचोळा काही आठवडे धोक्याचा होऊन बसतो. म्हणून मेलेलं माकड हा सगळ्यात आधी वाजणारा इशारा असतो, माणूस आजारी पडायच्या आधीचा. आमच्याकडे आता पोराटोरांनाही माहीत आहे की हात लावायचा नाही, जवळ जायचं नाही, फोन करायचा. वनखात्याची माणसं येतात, पशुवैद्यकीयवाले सॅम्पल घेतात, माकड तिथेच जाळतात, भोवतालच्या जागेत मॅलेथिऑन या कीटकनाशकाची पावडर मारतात. मोठ्या माणसांत थोडी कुरकुर असते, मारुतीचं रूप म्हणून काहींना ते तसंच जाळलेलं बघवत नाही. आमच्याकडे एकदा आलेल्या वनरक्षकाने नारळ फोडू दिला, हात जोडू दिले, मग काम केलं. असं समजून घेणारं माणूस असलं की लोक पुढच्या वेळी आपणहून फोन करतात.

आता दीड स्टार कुठे गेला ते सांगते.

काही वर्षांपूर्वीची फेब्रुवारीतली गोष्ट. आमच्या वरच्या बागेत केल्डं मरून पडलेलं माझ्या दिराला दिसलं, त्याने त्याच दिवशी कळवलं, माणसं आली, सगळं वर लिहिल्याप्रमाणे व्यवस्थित झालं. पण त्याच्या आधीच्या आठवडाभर त्याच भागात आमचे गडी बी वेचत होते. त्यातला एक गोव्याच्या बाजूचा, बॉर्डरपलीकडच्या गावातला, रोज सकाळी स्कूटरवरून यायचा आणि संध्याकाळी जायचा. आमच्याकडे हे इतकं रोजचं आहे की कोणी बॉर्डर म्हणून मोजतही नाही, इकडची पोरं तिकडच्या कारखान्यात, तिकडचे गडी इकडच्या बागेत. त्याचा फोन आला, “वैनी, आंग सगळें दुखता, तकली फुटता, हांव येना.” तो त्याच्या गावाजवळच्या दवाखान्यात गेला. तिथे ताप, अंगदुखी, प्लेटलेट कमी, म्हणून डेंगी धरून औषधं चालू केली. त्या डॉक्टरांना तरी कसं कळणार? मेलेलं माकड महाराष्ट्राच्या कागदावर होतं, तापाचा माणूस गोव्याच्या कागदावर होता, आणि दोन्ही कागदांची गाठ घालून देणारं कोणीच नव्हतं. मी त्याच्या बायकोला फोनवर सांगितलं की डॉक्टरांना स्पष्ट सांग, हा दोडामार्गच्या बागेत जातो आणि तिथे माकड मेलंय. तिने सांगितल्यावर सॅम्पल गेलं, पॉझिटिव्ह आलं.

पुढे जे झालं ते मला जास्त लागलं. तिकडची टीम तत्परतेने त्याच्या गावात गेली, घराभोवती पावडर मारली, शेजारपाजाऱ्यांचा ताप तपासला, सगळं मनापासून. पण त्याला गोचीड चावली होती आमच्या बागेत! त्याच बागेत बी वेचलेले आणखी दोन गावांचे गडी होते, त्यांच्याकडे कोणी गेलं नाही कारण इकडच्या यंत्रणेला या केसचा पत्ताच नव्हता. केस लिहिली गेली त्याच्या राहत्या पत्त्यावर. मी आमच्या आशाताईंना फोन केला, त्या दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या दोन्ही गावांत पोचल्या, आणि एका बाईला खरंच दोन दिवसांचा ताप होता. तिचं सॅम्पल वेळेत गेलं, ती वेळेत ॲडमिट झाली, आज ठणठणीत आहे, या वर्षी पण आली होती बी वेचायला. आमचा गडी पण बरा झाला, त्याला अशक्तपणा भरून यायला पाऊस उजाडला. पण बागायतदारणीने आशाताईंना फोन करण्यावर जर दोन राज्यांचा सर्व्हे चालत असेल तर माझा फोन ज्या दिवशी लागणार नाही त्या दिवशी काय? तिलारी भागात रेंज कशी असते ते ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

धोक्याच्या भागांचा नकाशा कसा बनतो ते मी या प्रकारानंतर जमेल तेवढं वाचून काढलं. आमच्या या विषाणूच्या कुळातलाच एक युरोपात आहे, टीबीई, गोचिडीपासून होणारा मेंदूज्वर. जर्मनीत रॉबर्ट कॉख इन्स्टिट्यूट दरवर्षी त्याचा जिल्हावार नकाशा काढते, आता १८० च्या वर जिल्हे त्यात धोक्याचे म्हणून दाखवलेत, बहुतेक दक्षिणेकडचे, बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेम्बर्गमधले. त्यांची रीत मला फार आवडली. केस मोजताना माणूस कुठे राहतो याच्यापेक्षा लागण कुठे झाली ते धरतात. पाच वर्षांच्या केसेस एकत्र बघतात, म्हणजे एखाद्या वर्षी रुग्ण कमी निघाले म्हणून जिल्हा लगेच सुरक्षित होत नाही. आणि जिल्हा एकटा मोजतात तसा शेजारचे जिल्हे धरूनही मोजतात, रुग्णांचं प्रमाण लाखामागे एकाच्या लक्षणीय वर गेलं की तो धोक्याचा. शेजार धरून मोजायची ही युक्ती आमच्यासाठीच केल्यासारखी आहे, कारण आमच्या तालुक्यात दोन-चार केसेस, सत्तरीत दोन-चार, गोव्यातल्याच डिचोलीत एखादी, असं वेगवेगळं बघितलं तर कोणालाच काही वाटत नाही आणि एकत्र ठेवलं तर एकच जळता पट्टा दिसतो. युरोपियन युनियनमधे २०१२ पासून टीबीईच्या केसेस सगळ्या सभासद देशांनी एका ठिकाणी कळवायच्या आहेत. नेदरलँड्समधे तर साधी माणसं वेबसाइटवर जाऊन गोचीड कुठे चावली ते नकाशावर टाकतात, टेकेनरादार नाव आहे त्याचं, २०१२ पासून चालू आहे. इतके देश, इतक्या भाषा असून ते जमवतात, आणि दोडामार्ग ते डिचोली जाऊन लोक बाजार करून दुपारच्या जेवणाला घरी येतात!

आपल्याकडे काहीच नाही असं मात्र म्हणू नका. भारत आणि ब्रिटनच्या संशोधकांनी मिळून मंकीफीव्हररिस्क नावाचा प्रकल्प केला, २०२० मधे त्यांचा नकाशाचा अभ्यास छापून आला, शिमोग्याच्या बाजूच्या केसेस धरून. त्यात आरोग्यखातं, वनखातं, पशुसंवर्धनवाले यांना आधी विचारून मग मॉडेल बनवलं ही गोष्ट मला खूप पटली, नाहीतर नकाशा बनवून झाल्यावर दाखवायला आणतात. त्यांचं निघालेलं उत्तर असं की धोका घनदाट जंगलाच्या पोटात नाही तेवढा त्याच्या कडेला, जिथे ओलं सदाहरित रान आणि बागायती एकमेकांत मिसळलेल्या आहेत आणि गावठी गुरं जास्त आहेत तिथे. हे वाचलं आणि मी खिडकीतून बाहेर बघितलं. वर राई, खाली काजू, मधे सुपारी, गोठ्यात आमच्या गावठी गायी. नकाशा शिमोग्याचा होता पण वर्णन आमच्या वाडीचं होतं. असा नकाशा तिलारी-म्हादई-भीमगड या सलग पट्ट्याचा, राज्यांच्या रेषा बाजूला ठेवून, गावपातळीवर बनवून दर नोव्हेंबरला ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावला तर मी उरलेला दीड स्टार आनंदाने देईन.

गुरांचं जरा सांगायला हवं कारण त्यावरून आमच्याकडे घराघरांत वाद आहेत. गुरांमुळे माकडताप होतो हे अर्धंच खरं. गुरांच्या रक्तावर मोठे गोचीड पोसले जातात आणि त्यांची संख्या वाढते, पण विषाणू गुरांत वाढून माणसाकडे येतो असं नाही. म्हणून गाई विकून टाकायची गरज नाही, गोचिडीचं औषध वेळच्या वेळी लावायला हवं. पशुवैद्यकीयवाले औषध देतात, पण ते येतात मार्चमधे कॅम्प घेऊन. मोठे गोचीड पावसाळ्यात गुरांवर असतात, पिल्लं पावसाळा संपल्यावर रानात पसरतात, मग औषध पावसाच्या सुरुवातीला आणि पुन्हा ऑक्टोबरला लावायला हवं की काजू अर्धा वेचून झाल्यावर? सर्व्हेचा हा भाग मला सगळ्यात कच्चा वाटला, दोन स्टारच्या वर नाही.

अंगाला लावायचं डीएमपी तेल मिळतं, फुकट. वास उग्र आहे, घामाने जातं, दर दोन-तीन तासांनी परत लावावं लागतं आणि बी वेचताना ते लक्षात राहत नाही. तरी लावा. त्याच्या जोडीला पूर्ण बाह्यांचा सदरा, पँट मोज्यात खोचलेली, घरी आल्यावर अंगणातच कपडे काढून गरम पाण्यात टाकायचे, सरळ आंघोळ, आणि काखेत, जांघेत, कानामागे दुसऱ्याकडून बघून घ्यायचं. पातेरा आणून घराच्या पायरीशी ओतू नका, ही सवय आमच्या सासूबाईंनी मोडली म्हणजे कोणीही मोडू शकतं.

लसीबद्दल लोक फार विचारतात. होती एक, बंगळुरूच्या हेब्बाळला बनायची, ६ ते ६५ वयाला, महिन्याच्या अंतराने दोन डोस, मग बूस्टर आणि पुढे दरवर्षी. दोन डोसात संरक्षण अर्धवटच मिळायचं, बूस्टर घेतले तर बरं मिळायचं, पण इंजेक्शन दुखतं म्हणून बूस्टरला लोक फिरकायचे नाहीत. २०२२ मधे कर्नाटकाने ती देणं थांबवलं. आयसीएमआर आणि इंडियन इम्युनॉलॉजिकल्स मिळून नवीन लसीवर काम करताहेत. ती येईपर्यंत हा सर्व्हे हीच आमची लस आहे, म्हणून मी त्याच्याबद्दल इतकं घसा फोडून लिहितेय.

खासगी दवाखान्यांचा अनुभव बरावाईट दोन्ही. कोकणात ताप म्हटलं की पहिला लेप्टो, मग डेंगी, ही डॉक्टरांचीही सवय झालीय आणि पावसाळ्यात ती बरोबरही आहे. पण फेब्रुवारीत, शेतात चिखल नसताना, काजूच्या बागेत जाणाऱ्या माणसाला कडक ताप आला तर माकडताप पहिल्या पाचात यायला हवा. सीमाभागातल्या खासगी डॉक्टरांना दर आठवड्याला एक साधा मेसेज जायला हवा की अमुक गावात माकड मेलं, तमुक ठिकाणी केस निघाली, आणि तो मेसेज तिन्ही राज्यांत सारखाच जावा. देशभरचा आजारांचा पोर्टल आयएचआयपी २०२१ पासून नव्या रूपात चालू आहे, माहिती वर दिल्लीपर्यंत जाते. ती वर जाते तशी आडवी, दोडामार्गातून डिचोलीला आणि खानापुरातून सत्तरीला, त्याच दिवशी आली पाहिजे. ॲस्पिरिन आणि ब्रुफेनसारख्या गोळ्या मेडिकलवाल्याकडून आपल्या मनाने घेऊ नका हेही इथेच सांगते, या तापात रक्तस्राव होऊ शकतो, पॅरासिटामॉल घ्या आणि आरोग्य केंद्रात जा.

पोस्टरबद्दल एकच. मराठीत आहेत, गोव्यात कोकणी-मराठीत आहेत, नणंदेकडे कन्नडमधे. पण आमच्या बागांत हल्ली झारखंडचे, नेपाळचे गडी येतात, मोठ्या बागायतींत तर जास्त तेच असतात, त्यांना यातलं एकही वाचता येत नाही आणि आशाताईंच्या यादीत त्यांचं घरही नसतं कारण ते बागेतल्या खोपटात राहतात. गोचिडीच्या सगळ्यात जवळ तेच झोपतात. त्यांच्यासाठी हिंदीत, नेपाळीत आणि चित्रांत काहीतरी करा हो, कोणीतरी.

आमच्या बागेपुरतं मी गेल्या सीझनपासून एक वही ठेवलीय. कोणता गडी कोणत्या तारखेला बागेच्या कुठल्या भागात होता, तो राहतो कुठल्या गावात, त्या गावच्या आशाताईंचा नंबर, आणि मेलेलं माकड दिसलं तर तारीख आणि जागा. इकडच्या आणि तिकडच्या दोन्ही आशाताईंनी तिचे फोटो काढून नेलेत आणि ताप आला की आधी मला फोन करून वहीत बघायला सांगतात. सत्तरी, डिचोली, दोडामार्ग, बांदा भागातल्या ज्या बागायतदारांना अशी वही ठेवायचीय त्यांनी माझ्या रकान्यांत “गोठा कुठे आहे” हा एक वाढवून घ्यावा, तो माझ्याकडे नाही आणि या नोव्हेंबरपासून घालतेय.